तीन मिनिटे अकरा सेकंदांचा खुलासा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, जालना.

अर्जदार: पुंजाराम लक्ष्मण वायाळ, वय ६१, धंदा शेती, रा. मौजे शेवगव्हाण, पो. टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, जि. जालना.

विषय: लष्करी मालवाहू विमान दुर्घटनेतील मयत जवानाच्या मोबाईलवर झालेल्या ३ मिनिटे ११ सेकंदांच्या बोलण्याचा खुलासा व एका नोंदीत बदल होण्याबाबत विनंती.

संदर्भ: चौकशी अधिकारी यांची नोटीस, दि. ११ फेब्रुवारी, अर्जदारास मिळाल्याची वेळ सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे.

(अत्यंत तातडीचे. आज दुपारी साडेबाराच्या आत वाचावे.)

महोदय,

सविनय अर्ज करतो तो येणेप्रमाणे. अर्जदार भ्यालेला आहे. ही गोष्ट अर्जात सुरुवातीला लिहायची असते की शेवटी, हे माहीत नाही, पण अक्षर पाहून आपल्या ध्यानात येईलच, म्हणून आधीच मांडतो. आजवर अर्जदाराने पीकविमा, विजेची जळालेली डीपी आणि शेतरस्त्याची मोजणी यांचेच अर्ज लिहिले. माणसाच्या जिवाचा हा पहिला अर्ज आहे. काही कमीजास्त झाल्यास पोटात घालावे.

आज गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता उषाबाई गावडे, ता. चंदगड, जि. कोल्हापूर, या जालना बसस्थानकावर उतरणार आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा, जवान आदिनाथ गावडे, वय २४, परवा मंगळवारी विमान पडून मयत झाला. उषाबाई समजतात की तो जखमी असून जालन्याच्या दवाखान्यात आहे. त्या तसे समजतात, कारण अर्जदाराने त्यांना तसे सांगितले.

हे का सांगितले, याचा खुलासा पुढे करतो.

१. मंगळवार दि. १० फेब्रुवारी रोजी दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी सदर विमान आमच्या शिवारात, माझ्या बांधाला लागून असलेल्या बद्रीनाथच्या हरभऱ्यात पडले. वेळ पक्की आहे, कारण आमच्याकडे शेतीची लाईट बरोबर तीनला येते आणि मी मोटर चालू करून नुकताच बांधावर टेकलो होतो. आधी वाटले डीपी उडाली. वर पाहिले तर विमान आडवे झालेले, एक पंख खाली आणि एक आभाळात. एवढ्या खालून विमान जाताना मी जन्मात पाहिले नव्हते. मग जमीन हलली. मी मोसंबीच्या झाडाला मिठी मारून बसलो होतो, असे बद्रीनाथ सांगतो. मला आठवत नाही. तो ओरडत होता, "पुंजारामभाऊ, पळा जल्दी, आनखी फुटंल ते!" पण मी झाड सोडले नाही, म्हणे. विमानात सात माणसे होती. गावकऱ्यांनी मोटरीचे पाणी सोडले, माती टाकली, पण जळणाऱ्या भागाजवळ कोणाला जाता आले नाही.

२. विमान का पडले हे ठरवणे अर्जदाराचे काम नाही. तरी टीव्हीवर सांगतात त्यावरून आणि काल बांधावर उभे राहून मोठे साहेब आपसात बोलत होते त्यावरून अर्जदारास समजले ते असे. आकाशातल्या विमानाशी जमिनीवरची एक खोली बोलत असते. विमान पुढे गेले की ती खोली ते पुढच्या खोलीच्या हवाली करते. मंगळवारी पहिल्या खोलीने विमानाला खाली येण्यास सांगितले आणि समजले की आता पुढची खोली बोलेल. पुढच्या खोलीला वाटले की विमान अजून पहिलीकडेच आहे. तिने त्याच उंचीवर दुसरे विमान आणले. चार मिनिटे आमच्या शिवारावरच्या विमानाशी कोणीही बोलले नाही. समोर दुसरे विमान दिसल्यावर वैमानिकाने एकदम वळवले, ते पुन्हा सावरले नाही. दोन्ही खोल्यांतली माणसे आपापल्या परीने बराबर होती, असे एक साहेब म्हणाले. हे ऐकताना मला उमगले की मी मंगळवारी नेमके हेच केले होते. ते कसे, हे सांगण्यासाठी माझे गावातले काम आपणास सांगणे भाग आहे.

३. अर्जदाराकडे सन १९९६ ते २००९ टेंभुर्णीत एसटीडीचा डबा, म्हणजे पैसे देऊन फोन करण्याचे दुकान होते. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत कोणाच्या घरी माणूस गेले की पाहुण्यांना फोन लावण्याचे काम अर्जदाराकडे आहे. यासाठी पैसा घेत नाही, चहासुद्धा घेत नाही. घरच्यांना रडू येते, माझा आवाज बसत नाही, एवढीच माझी लायकी. आता सर्वांकडे मोबाईल आहेत तरी लोक मलाच बोलावतात.

सुरुवातीच्या वर्षी मी सरळ सांगत असे. मंठ्याच्या कल्याण नावाच्या माणसाला मी फोनवर सांगितले, "तुमचे वडील वारले." तो तसाच मोटरसायकलवर निघाला आणि वाटेत ट्रकखाली गेला. एका दिवशी एका घरातून दोन तिरड्या उठल्या. तेव्हापासून मी दोन फोन करतो. पहिला फोन घरच्या माणसाला: तब्येत सिरियस आहे, दवाखान्यात हलवून राह्यलो, तुम्ही निघा. दुसरा फोन लगेच, पाच मिनिटांच्या आत, त्यांच्या शेजारच्या किंवा भावकीतल्या एका घट्ट माणसाला. त्याला सगळे खरे सांगायचे. तो माणूस सोबत निघतो, पाण्याची बाटली घेतो, गाडी स्वतः चालवतो आणि गावच्या वेशीवर आले की हात धरून सांगतो. आमच्याकडची रीतच अशी आहे, मी फक्त ती नेमाने पाळली. त्यानंतर आजवर माझ्या फोनमुळे वाटेत एकही माणूस दगावलेला नाही. याचा मला गर्व होता हे कबूल करतो.

पहिला फोन म्हणजे अर्धे काम. दुसरा झाला नाही तर पहिला फोन नुसता खोटेपणा ठरतो.

४. आता मोबाईलबाबत. आगीपासून साधारण दोनशे फुटांवर, माझ्या मोसंबीच्या शेवटच्या ओळीत एक जवान पडलेला होता. तो बाहेर कसा फेकला गेला माहीत नाही. अंगावर जळल्याची खूण नव्हती. टोपी नव्हती, बाकी कपडे जागच्या जागी. छातीवर नाव होते. मी नाडी पाहिली. मग उपरण्याचे सूत काढून नाकापुढे धरले, ते हलले नाही. दोनदा धरले. बद्रीनाथनेही पाहिले. आदिनाथ गावडे तेव्हा मयत होता, याबद्दल अर्जदाराच्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. हे वाक्य चौकशी अधिकाऱ्यांनी लाल शाईने अधोरेखित केले तरी चालेल.

३ वाजून ५२ मिनिटांनी त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. काचेवर ‘आई’ असे आले होते.

साहेब, मयताच्या वस्तूला हात लावू नये हे मला समजते. पण तो शब्द समोर थरथरत होता आणि मी तीस वर्षे हेच काम करत आलो आहे. मी फोन उचलला.

५. नोटिशीत विचारले आहे की, अर्जदाराने कालच्या जबाबात जे बोलणे सांगितले ते पन्नास सेकंदांत संपते, फोन मात्र तीन मिनिटे अकरा सेकंद चालू होता. उरलेल्या वेळेत काय झाले?

पहिले पन्नास सेकंद जबाबात सांगितल्याप्रमाणेच. बाई म्हणाल्या, उतरलो की साडेतीनला फोन करतो म्हणाला होता, केला नाही, म्हणून मी लावला, तुम्ही कोण? मी नाव सांगितले, गाव सांगितले. म्हणालो, "माय, घाबरू नका. इमान पडलंय. पोराला लागलंय जरा, जालन्याला हलवून राह्यलो. तुम्ही निघा." ठरलेलेच शब्द, ठरलेलाच आवाज. त्यानंतर जे झाले ते जबाबात नाही. ते याच अर्जात लिहीन. आधी दुसऱ्या फोनचे लिहितो, कारण गुन्हा तिथे आहे.

६. दुसरा फोन झाला नाही. त्या बाईंनी निघायच्या घाईत फोन ठेवला. मला शेजारच्या कोणाचा नंबर मागायचा होता, तो राहिला. त्या फोनवरून पुन्हा लावायला गेलो तर फोन कुलूपबंद. आलेला उचलता येतो, आपल्याला लावता येत नाही. साहेब, मी त्या पोराचा अंगठा माझ्या धोतराने पुसला आणि काचेवर ठेवून पाहिला. तीनदा ठेवला. फोन उघडला नाही. हे मी बायकोलाही सांगितलेले नाही. परवापासून भाकरीचा तुकडा हातात घेतला की मला तो अंगठा आठवतो.

संध्याकाळी पथक आले. तरुण साहेब होते, हातात यादी होती, तेही भेदरलेले होते. त्यांनी विचारले, याच्या घरी कळवले का? मी म्हणालो, "हो साहेब, फोन झाला." त्यांनी यादीत खूण केली आणि पुढे गेले.

माझ्या मनात होते की आता खरे ते हे लोक सांगतील. त्यांच्या मनात असणार की खरे ते या म्हाताऱ्याने सांगितले. मला तेव्हाच तोंड उघडता आले असते. "साहेब, अर्धंच सांगितलंय," एवढे तीन शब्द. पण गणवेश, बंदुका, तो वास, आणि मयताचा फोन मी हाताळलेला. मी घाबरलो आणि गप्प बसलो.

७. परिणाम असे झाले. यादीवर खूण असल्याने मंगळवारी रात्री त्या घरी कोणी गेले नाही. बुधवारी सकाळी लष्कराचे लोक गेले तर दाराला कुलूप. बाई पहिल्या बसने निघालेल्या. दुपारी एका साहेबांनी त्यांना फोन लावला. बाई म्हणाल्या, मला सगळं ठाऊक आहे, जालन्याच्या पुंजारामभाऊंनी सांगितलंय, पोरगं दवाखान्यात आहे. साहेब गडबडले. सात मयत मोजले, मग हा आठवा जिवंत कोण? त्यांनी दवाखाने धुंडाळायला माणसे पाठवली. जालना झाले, मंठा झाले. बदनापूरला एक भाजलेला तरुण सापडला म्हणून गाडी पळवली, तो स्टोव्हने भाजलेला निघाला आणि बिचाऱ्याच्या घरच्यांना उगाच वाटले की आपला माणूस फौजेत होता की काय. पुन्हा मयत मोजले. सातच.

मग माझा जबाब घेतला आणि सगळे कळल्यावर त्या साहेबांनी बाईंना परत फोन लावला, खरे सांगण्यासाठी. त्यांनाही सांगता आले नाही. बस चालू होती, बाई एकट्या होत्या. ते म्हणाले, "या तुम्ही, आम्ही आहोत," आणि ठेवला. नोटीस घेऊन आलेल्या माणसाने मला हे सांगितले आणि वर म्हणाला, "तुमच्यापायी सायबाचं तोंड उतरलं राव." त्याच्याकडूनच कळले की वाटेत बस बंद पडून बाईंची पुढची गाडी चुकली आणि त्या आज साडेबाराला पोचतील. बाईंसोबत कोणी घट्ट माणूस नाही हेही कळले. सोबत एक डबा आहे. घरची म्हैस व्याली आहे, पोराला खरवस आवडतो.

मला अटकेची भीती वाटते, साहेब. जेलची वाटते, वयामुळे जास्त वाटते. गावात लोक म्हणून राह्यले की पुंजारामने फौजेचे काम बिघडवले, आता गावावर खटला येणार. नंदाबाई, म्हणजे माझी पत्नी, कालपासून दाराची कडी लावून बसली आहे. पण या सगळ्यापेक्षा त्या डब्याची भीती जास्त वाटते.

८. आता राहिलेली दोन मिनिटे एकवीस सेकंद.

"निघा" म्हटल्यावर बहुतेक लोक पुढे विचारत नाहीत. त्यांना आतून कळलेले असते आणि ते कळू न देता निघतात. या बाईंनी विचारले, "जित्ता हाय न्हवं?"

असे सरळ मला कधी कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, "व्हय, हाय ना माय."

त्या म्हणाल्या, "मग त्याच्या कानाला लावा फोन."

मी नाही म्हणायला पाहिजे होते. गाडीत घातले म्हणायचे, डॉक्टर जवळ येऊ देत नाहीत म्हणायचे. तीस वर्षांत शिकलेले एकही वाक्य आठवले नाही. मी खाली बसलो आणि फोन त्याच्या कानाला लावला.

एक मिनिट आणि पन्नास सेकंद त्या माउली बोलत होत्या. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होते. सगळे इथे लिहीत नाही, ते चौकशीचे नाही. घाबरू नको म्हणाल्या. म्हशीला रेडी झाली म्हणाल्या. लहानपणी ताप आला की तू माझा पदर धरून झोपायचास, तसं समज मी जवळ आहे, म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "आलेच बघ मी." मधे एकदा थांबल्या, त्याने काही म्हणावे म्हणून असेल. त्याच्या कपाळावर माती होती, ती मी दुसऱ्या हाताने पुसली.

मग मी फोन माझ्या कानाला घेतला. त्यांनी विचारले, "ऐकलं का त्यानं?"

मी म्हणालो, "ऐकलं माय. मान हलवली त्यानं."

त्या रडल्या, हसल्याही, मला म्हणाल्या, "दादा, तुमचं भलं होईल." हे आणि कानाला फोन लावण्याआधीचे बोलणे मिळून एकतीस सेकंद. पन्नास, एकशे दहा आणि एकतीस मिळून एकशे एक्याण्णव, म्हणजे बरोबर तीन मिनिटे अकरा सेकंद. खुलासा पूर्ण झाला.

९. आता विनंती.

उषाबाईंना खरे सांगायचे आहे आणि ते आजच. हे काम कोणा अधिकाऱ्यावर सोपवावे असे काल रात्रीपर्यंत माझ्या मनात होते, तसा अर्जही लिहिला होता, तो फाडला. मी सोपवले की ते साहेब दुसऱ्यावर सोपवतील आणि बाई तोवर दवाखान्याच्या पायऱ्या चढलेल्या असतील. पहिला फोन माझा होता, दुसराही माझाच. साडेअकरापासून मी स्टँडवर उभा राहीन. आपली गाडी थोडी लांब उभी करावी, गणवेश दिसू देऊ नये, आणि बसायला एक खुर्ची मिळावी. मला अटक करायची असल्यास ती त्यानंतर करावी. मी पळून जात नाही, माझा पत्ता वर दिला आहे.

आणि एकच नोंद बदलून मिळावी. पंचनाम्यात सातही जणांच्या मृत्यूची वेळ ३ वाजून ५ मिनिटे अशी एकत्र लिहिली आहे. चौकशीच्या फायलीत ती तशीच राहू द्या, ती खरी आहे. परंतु जो कागद त्या मातेच्या हातात दिला जाईल, त्यावर फक्त आदिनाथपुढे ३ वाजून ५६ मिनिटे असे लिहावे. फोन ३ वाजून ५५ मिनिटांनी संपला.

याचा अर्थ काय होतो हे मला समजते. याचा अर्थ असा होतो की जवान पन्नास मिनिटांहून जास्त वेळ जिवंत पडून होता आणि अर्जदार जवळ असूनही त्याने त्याला दवाखान्यात नेले नाही. उषाबाई हा कागद वाचतील तेव्हा त्यांना हेच कळेल. ज्याला भलं होईल म्हणाल्या, त्याला शाप देतील. गावही देईल. उद्या कोणी हयगयीचा गुन्हा लावायचे म्हटले तर त्या कागदावरून तो लागू शकेल. तो ठपका अर्जदारास मान्य आहे, अशी लेखी कबुली या अर्जाद्वारे देत आहे. सही खाली आहे. दबावाखाली दिलेली नाही. भीती वाटते, पण भीती हा दबाव नव्हे.

कारण, साहेब, मी स्टँडवर तो गेल्याचे सांगितल्यावर त्या मला एकच गोष्ट विचारणार आहेत. मी तीस वर्षे माणसांना असे सांगत आलो आहे, मला माहीत आहे. त्या विचारतील, "पण माझं बोललेलं ऐकलं होतं ना त्यानं?"

मी हो म्हणणार आहे. सरकारी कागदाने मला खोटे पाडू नये, एवढीच आपल्या चरणी प्रार्थना. आपला शेरा साडेबाराच्या आत मिळावा.

आपला नम्र आणि भ्यालेला,
(सही)
पुंजाराम लक्ष्मण वायाळ
जालना, गुरुवार, दि. १२ फेब्रुवारी, सकाळी ९ वाजून ४५ मिनिटे. (समक्ष सादर)

सोबत:
१. नोटिशीची झेरॉक्स.
२. आधार कार्डाची झेरॉक्स.
३. एक बंद पाकीट. उषाबाई मुलाच्या कानात जे बोलल्या ते जसे आठवले तसे लिहिले आहे. हे चौकशीसाठी नाही. त्यांनी मागितले तर त्यांनाच द्यावे, नाही मागितले तर आदिनाथसोबत ठेवावे.